हिंदुराव सरनोबतांचा शेवटचा पंचनामा

दुपारचे दोन वाजत आलेत. नीलांबरी दुकानामागच्या खोलीत आडवी झालीय. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं तिनं स्वतःला बजावलंय. खोलीत गवताच्या चटया आहेत, मधोमध एक बसकं टेबल, त्यावरून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेली जाड गोधडी आणि टेबलाच्या पोटात विजेची शेगडी. गोधडीखाली पाय सारले की बाहेर फेब्रुवारी आहे हे विसरायला होतं. खिडकीबाहेरचा बर्फ सकाळपासून थांबलेला नाही. आणि सकाळपासून तिनं सव्वीस पेले चाखलेत. नव्या हंगामाचा माल आलाय. चाखायचं, तोंडात घोळवायचं, थुंकायचं, वहीत दोन ओळी लिहायच्या. घोटभरही पोटात गेलेलं नाही, तरी टाळूवर कुठंतरी पिकलेल्या केळ्याचा, कुठंतरी ओल्या दगडाचा वास रेंगाळतोय. डोकं जड झालंय, पण ते साकेमुळं नव्हे.

डोकं जड झालंय ते पुढच्या काउंटरवर पडलेल्या कागदामुळं.

दुकान फुमिको-सान नावाच्या बाईंचं. त्या एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या लहानशा गावात नवऱ्यानं सुरू केलेलं दुकान त्या बावीस वर्षं एकट्यानं चालवतायत. इथं फक्त जिझाके मिळतं. जिझाके म्हणजे त्या त्या गावचं साके, तांदळाची जपानी दारू. तिथल्याच तांदळाचं, तिथल्याच पाण्याचं, बहुतेक वेळा पाचसहा माणसांच्या लहान कारखान्यात आंबवलेलं. नऊ वर्षांपूर्वी नीलांबरी एका पाहुण्याची दुभाषी म्हणून या दुकानात आली होती. पाहुणा बाटल्यांचे फोटो काढत होता, तेवढ्यात फुमिको-साननी सहज म्हणून तिच्यापुढं तीन पेले ठेवले. तिन्हींच्या पाण्यात काय फरक आहे ते तिनं सांगितलं. फुमिको-साननी तिन्ही पेले पुन्हा स्वतः चाखले. मग म्हणाल्या की असं नाक आपण नवऱ्यानंतर पाहिलेलं नाही. पुढच्या महिन्यापासून नीलांबरी इथंच कामाला लागली.

आता फुमिको-सानचे गुडघे गेलेत. दुकान तू घे, म्हणतायत. दारूविक्रीच्या परवान्याचा अर्ज उद्या करकचेरीत द्यायचाय. हो की नाही ते आज तीन वाजता, दवाखान्यातून परत आल्यावर त्यांना हवंय. अर्जात नाव लिहायचं ते ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षरानं अक्षर. आणि ओळखपत्रावर तिचं नाव आहे नीलांबरी हिंदुराव सरनोबत.

हिंदुराव म्हणजे तिचे आबा. कोल्हापूरचे. तेहतीस वर्षं त्यांनी दारूबंदीच्या नोकरीत काढली. हातभट्ट्या शोधायच्या, फोडायच्या, मडकी उलटी करायची, पंचनामा लिहायचा, हे त्यांचं काम. स्वतः थेंबाला शिवले नाहीत. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात वरातीतली पोरं पिऊन नाचताना दिसली, तर जेवणाच्या पंगतीवरून उठून रात्रीच्या एसटीनं घरी आलेले. अशा माणसाला मुलीनं काय सांगावं? नीलांबरीनं सांगितलं की ती तांदळाच्या कंपनीत आहे. आईला खरं ठाऊक होतं. आईच म्हणाली होती की त्यांना कळू देऊ नको. नऊ वर्षं हे खोटं दर रविवारी फोनवर बोललं गेलं.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी, आजारपणात, आबांनी अचानक विचारलं होतं की तू तिथं नेमकं काय करतेस. ती म्हणाली, तांदळाचं काम, आबा. मग ते म्हणाले, "बरं." अकरा दिवसांनी ते गेले. ती पोचेपर्यंत राख सावडूनही झाली होती. परवा आईचा फोन आला, दुकानाचं कळल्यावर. तू काय करायचं ते कर, म्हणाली, पण त्यांचं नाव दारूच्या कागदावर घालू नको.

नाव काढता येत नाही. तिनं करकचेरीत विचारून पाहिलंय.

किटलीत पाणी उकळायला लागलंय. उठून ती बंद करायला हवी. आवाज वाढत जातो, त्याला एक ठेका येतो, आणि तो किटलीचा नाही, राजदूत फटफटीचा आहे. फटफटी दुकानाच्या दाराशी थांबते. स्टँड लावल्याचा खटका होतो. हा खटका नीलांबरीच्या ओळखीचा आहे. लहानपणी तो ऐकला की आई रेडिओ बारीक करायची.

ती काउंटरच्या मागं उभी आहे. खोलीतून इथं कधी आली, कळत नाही. दार सरकतं आणि आबा आत येतात. अंगावर खाकी, काखेत फायलींची पिशवी, खांद्यांवर बर्फ. इथं आत इतकी ऊब असूनही तो बर्फ वितळत नाही. ते तिच्याकडं बघत नाहीत. कपाटांकडं बघतात. हातातल्या वेताच्या काठीनं एकेक फळी मोजत दुकानाच्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात. त्यांच्या बुटांचा आवाज मात्र येत नाही.

ते गेलेत हे तिला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावं. पण हा विषय निघाला तर ते पिशवी उचलून चालू लागतील, असं तिला वाटतं, म्हणून ती तो काढत नाही.

बाटल्या किती, ते विचारतात. तीनशे चाळीस, ती सांगते. तिचा आवाज एखाद्या आरोपीसारखा निघतो. हात कुठं ठेवावेत तिला सुचत नाही. ती ते पाठीमागं नेते.

आबा काउंटरवरचा अर्ज उचलतात. जपानी त्यांना येत नाही, पण ते वाचतात. ओठ हलवत, बोट फिरवत, सावकाश. बोट एका रिकाम्या चौकटीवर थांबतं. तिथं अजून काही लिहिलेलं नाही. तरी ते मोठ्यानं वाचतात.

"हिंदुराव. हे कुणाचं नाव?"

"तुमचं, आबा."

"मग माझ्या नावावर तू काय करतीस हितं?"

उत्तर तयार आहे. नऊ वर्षं पाठ केलेलं आहे. ती तोंड उघडते, तर तोंडात खरोखरच तांदूळ भरलेत. कोरडे, कच्चे, घासून घासून मोत्याएवढे केलेले दाणे. जीभ हलत नाही. दाणे वाढत जातात, गालात मावेनात, घशाकडं सरकतात. श्वास अडकतो. आबा वाट बघत उभे आहेत. त्यांना घाई नाही. आरोपीला बोलायला वेळ द्यायचा, मध्ये तोंड घालायचं नाही, हे त्यांनी घरात कितीदा सांगितलेलं.

ती वाकते आणि सगळे दाणे थुंकण्याच्या भांड्यात ओकते. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज होतो. ती तोंड पुसते.

"दारू विकते, आबा."

ते मान हलवतात, ऐकलं एवढ्याच अर्थाची. खुर्ची ओढून बसतात. पिशवीतून पंचनाम्याचे कागद काढतात, मध्ये निळा कार्बन घालतात, कडा जुळवतात. काउंटर आता करूळ घाटातल्या नाक्यावरचं लाकडी टेबल आहे. वर पत्र्याचं छप्पर, पुढं रस्त्यावर आडवा बांबू, खाली दरीत पांढरं धुकं. लहानपणी सुट्टीत ती इथं त्यांचा डबा घेऊन यायची. पण धुक्यात बर्फ पडतोय, आणि फुमिको-सानची कपाटं घाटाच्या कठड्याला टेकून ओळीनं उभी आहेत. तीनशे चाळीस बाटल्या. कपाटांमागं काही माणसं पहारी घेऊन थांबलीत. त्यांची तोंडं दिसत नाहीत, फक्त हात दिसतात.

आबा नियम सांगतात. तीन पेले. प्रत्येक पेला कुठल्या गावचा ते सांगायचं. एक जरी चुकला तर सगळा माल ओतायचा आणि दुकान मोडायचं. ते हे रागानं सांगत नाहीत. रागानं सांगितलं असतं तर ती रडू शकली असती. ते सांगतात ते साध्या आवाजात, बांबू वर करा म्हणावं तसं.

ती म्हणते की हे हातभट्टीसारखं नसतं, हे आंबवतात, भट्टीवर चढवत नाहीत. ते लिहिता लिहिता म्हणतात की आंबवलेलं सगळं आपल्या खात्याच्या भाषेत रसायनच, आणि पहिला पेला पुढं सरकवतात.

चाखायचा नेहमीचाच पांढरा पेला, तळाशी दोन निळी वर्तुळं. वर्तुळं स्वच्छ दिसतायत, म्हणजे साके गढूळ नाही. ती पेला नाकाशी नेते. काहीच नाही. पुन्हा नेते. मागं कुणीतरी पहार एका हातातून दुसऱ्या हातात घेतं. लोखंडाचा वास येतो, तिच्या स्वतःच्या घामाचा येतो, पेल्याचा येत नाही. ती डोळे मिटते आणि फुमिको-साननी शिकवलं तसं आधी श्वास पूर्ण बाहेर सोडते. मग येतो. हलका, नाशपातीसारखा. ती घोट घेते. पाणी इतकं मऊ की जिभेवर बसतच नाही, सरकून जातं. शेवटी किंचित कडू, आणि लगेच तेही नाही. बर्फाचं पाणी. ज्या डोंगरावरून हा बर्फ उतरतो तो या दुकानाच्या मागच्या दारातून दिसतो.

"हे इथलंच, आबा. चोकाई डोंगराच्या पायथ्याचं. इथून दोन स्टेशनं."

ते लिहितात. बरोबर का चूक ते सांगत नाहीत. मागची माणसं हलत नाहीत, एवढ्यावरूनच तिला कळायचं ते कळतं.

दुसरा पेला उचलते तेव्हा ती कोल्हापूरच्या घरातल्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली आहे. आबा समोरच्या पाटावर, मांडीवर फाइल. आई ओट्याशी पाठमोरी. भाकरी थापल्याचा आवाज येतोय. या पेल्याचा वास यायला वेळ लागत नाही. तो अंगावरच येतो. आंबट, दह्याच्या निवळीसारखा, खाली भाजलेल्या तांदळाचा, आणि सगळ्याच्या मागं समुद्र. ती पहिल्याच क्षणी ओळखते. ओळखते आणि बोलायची थांबते.

कारण हे साके आता कुठंच नाही. नोतोच्या द्वीपकल्पावर, समुद्राला लागून असलेल्या एका गावात म्हातारा बाप आणि दोन लेकी हे करायचे. भूकंपात त्यांची इमारत पिंपांसकट जमिनीवर बसली. फुमिको-सानकडची शेवटची बाटली त्या दोघींनी मागच्या वर्षी इथंच येऊन उघडली होती, त्यांच्या गेलेल्या बापाच्या फोटोपुढं. ते साके नीलांबरीनं पेल्यांत ओतलं होतं. बाटली रिकामी झालेली तिनं डोळ्यांनी पाहिलीय. मग हे पेल्यात कुठून आलं? हा सापळा असेल. नाही म्हणावं तर नाक खोटं, हो म्हणावं तर डोळे खोटे.

आबा पेन उघडं धरून थांबलेत. शाईचा थेंब टोकाशी जमा होतोय.

आई वळत नाही. भाकरी थापता थापता भिंतीला सांगते की त्यांचं नाव घालू नको.

"हे नोतोचं," नीलांबरी म्हणते. "ते घर पडलं, आबा. आता तिथं कुणी करत नाही. पण आहे ते तिथलंच."

आबा पहिल्यांदा तिच्याकडं बघतात. डोळे आजारपणातले नाहीत, त्याआधीचे आहेत. पडलेल्या घरचं तू ओळखतीस, म्हणतात. विचारत नाहीत, नुसतं म्हणतात. लिहितात. शाईचा थेंब कागदावर पडून पसरतो आणि ते तो बोटानं टिपतात, पूर्वी टिपायचे तसाच.

तिसरा पेला आबांकडं नाही. तो तिला जाऊन भरून आणायचाय.

ती उठते, तर खाली वाळू आहे. ओढ्याची. दोन्ही बाजूंना डोंगर, उजाडायच्या आधीचा करडा उजेड. सातपुडा. आबांची बदली नंदुरबारकडं होती तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि हे गाव तिनं प्रत्यक्षात कधीच बघितलेलं नाही. तिला फक्त माहीत आहे की हे आबांच्या दौऱ्यावरचं गाव आहे. ओढ्याकाठी तीन दगडांची चूल. चुलीवर मडकं, मडक्यावर मडकं, सांध्याला ओली माती, बाजूनं बांबूची नळी. नळीच्या टोकाशी एक म्हातारी बसलेली. ती आबांकडं बघते, पण उठत नाही. आबांची काठी आता त्यांच्या हातात नाही. ते तरुण आहेत, मिशा काळ्या आहेत, आणि त्यांचं नीलांबरीकडं लक्ष नाही. ते त्या नळीकडं बघतायत.

वर आकाशातून काही पडतंय. नीलांबरीला आधी बर्फ वाटतो. पण ते हातावर पडल्यावर वितळत नाही. जाडसर, पिवळट, रसानं भरलेली फुलं. वाळूवर त्यांचा सडा पडत चाललाय.

म्हातारी पळसाच्या पानात दोन घोट धरून नीलांबरीपुढं करते. पहारीवाली माणसं ओढ्याच्या पलीकडच्या काठावर आलीत. ती पाण्यात उतरतात. त्यांच्या पायांभोवती पाणी वाजत नाही.

ती वास घेते. आणि तिला काहीच सांगता येत नाही. नऊ वर्षांत असं झालेलं नाही. हे तांदळाचं नाही. पाणी कुठलं, कळत नाही. गोड आहे, पण फळाचा गोडवा नव्हे. धूर आहे, पण जळका नाही. साके चाखायची तिची सगळी भाषा, केळं आणि नाशपाती आणि ओला दगड, इथं एकही शब्द लागू पडत नाही. माणसं ओढ्याच्या मध्यावर आलीत. मागं, फार मागं, तीनशे चाळीस बाटल्या एकमेकींवर किणकिणतायत. ती पुन्हा वास घेते. कुठलं गाव? ती गावांची नावं आठवते, जपानी, मराठी, एकही बसत नाही. माणसं अलीकडच्या काठाशी आली. पहिल्यानं पहार उचलली.

आणि मग ती गाव शोधायचं सोडून देते. नुसता वास घेते.

संध्याकाळ आहे. सरकारी क्वार्टरच्या मागं तारेवर एक खाकी शर्ट वाळत घातलाय. आई म्हणते, त्याला हात लावू नको, तो घरात आणायचा नाही. सहा वर्षांची नीलांबरी तारेखाली उभी राहते, शर्टाची टोकं ओढून घेते आणि त्यात तोंड खुपसते. आबा चार दिवसांच्या दौऱ्यावरून आले की असाच वास यायचा. त्यांचा वास. कोल्हापूरला परत बदली झाल्यावर तो गेला, आणि आबा म्हातारे झाले म्हणून गेला, असं तिला मोठी होईपर्यंत वाटत राहिलं.

"हे तुमच्या शर्टाचं आहे, आबा," ती म्हणते. "मला गाव माहीत नाही. हा तुमचा वास आहे."

पहार खाली येत नाही. ओढ्यात कुणी नाही. पाणी नुसतं वाहतंय, आता आवाजासकट.

आबा वाळूत बसलेत, उकिडवे, चुलीजवळ. मिशा पुन्हा पांढऱ्या आहेत. ते वाळूवरची फुलं हातानं एका बाजूला सारतात. मग बोलतात ते तिच्याकडं न बघता, हळू, थांबून थांबून. या म्हातारीचं नाव रुमलीबाई. तिची भट्टी त्यांनी पकडली तेव्हा शिपाई मडकी बाहेर काढत होते आणि रुमलीबाई म्हणाली होती, साहेब, ओतायच्या आधी चाखून तरी बघ. शिपायांची पाठ होती. आबांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आयुष्यात एकदाच. मग सगळं वाळूत ओतलं. रुमलीबाई रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, आता तुला कळलं, काय ओतलंस ते.

"पंचनाम्यात मी काय लिवलं, सांगू? उग्र वासाचा द्रव." आबा एक फूल उचलतात, बोटांत फिरवतात. "उग्र नव्हता. ते मला कळत हुतं. तरी लिवलं. तसंच लिवायची पद्धत हुती."

नीलांबरी त्यांच्या शेजारी बसते. वाळू ओली आहे, तिच्या घोट्यांना लागते. गेले तीन महिने घशात अडकलेलं विचारायची हीच वेळ आहे, आणि तिला भीती वाटते, आतापर्यंत वाटली त्यापेक्षा जास्त.

"त्या दिवशी फोनवर तुम्ही बरं म्हणालात. ते काय होतं, आबा? रागावला होता?"

ते जरा हसल्यासारखं करतात. म्हणतात की नऊ वर्षं दर रविवारी ती पाण्याबद्दल बोलायची. कुठल्या गावचं मऊ, कुठल्याचं जड, या वर्षी बर्फ कमी म्हणून चव कशी बदलेल. तांदूळ विकणारं माणूस पाण्याबद्दल एवढं बोलतं होय? त्यांना दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या दिवशीही तिनं सांगितलं नाही, तेव्हा मनात म्हणाले की आपणही कुठं कुणाला सांगितलं.

"म्हणून म्हणालो, बरं."

तिला रडू येत नाही. छातीवरून कुणीतरी जड पोतं उतरवून बाजूला ठेवावं तसं होतं, आणि त्या जागी लगेच थंडी वाजायला लागते. ती त्यांना नावाचं विचारते. आई नको म्हणते, कचेरी हवंच म्हणते. तुम्ही सांगा.

आबा हातातलं फूल चुलीत टाकत नाहीत, खिशात ठेवतात. मग कपडे झाडत उठतात.

"माझ्या नावानं हजार-दीड हजार कागद झाले असतील, पोरी. सगळ्यांच्या खाली एकच ओळ. जागीच ओतून नष्ट केले. एका कागदावर दुसरं कायतरी असू दे की."

उजेड वाढतोय. त्यांना निघायचंय हे तिला कळतं, पण आधी काम पुरं करायचंय. नमुना ठेवल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही. पानातले उरलेले घोट ते एका लहान बाटलीत उतरवतात, सांडू न देता. बुचावर फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला दोन गाठी. सगळं त्यांच्या जुन्या सवयीनं, न अडखळता. खिशातून लाखेची कांडी काढतात आणि चुलीतल्या निखाऱ्यावर धरतात. लाल लाख टोकाशी मऊ होते, फुगते, चमकते. पंच पाहिजे, म्हणतात. इथं तर रुमलीबाईही नाही, कधी उठून गेली कळलं नाही. मग म्हणतात, तूच धर.

ती दोन्ही हातांनी बाटलीची मान धरते. त्यांचा चेहरा इतका जवळ आलाय की दाढीचे खुंट दिसतात. हलू नको, ते सांगतात. ती हलत नाही. बघत राहते फक्त, जितकं बघता येईल तितकं. लाखेचा पहिला थेंब गाठीवर पडतो. दुसरा गाठीवर पडतो. तिसरा घसरतो आणि तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर, नखाच्या मुळाशी येतो.

चटका बसतो. आबा लगेच कांडी बाजूला करतात, तिचा हात हातात घेतात आणि अंगठ्यावर फुंकर घालतात. एकदा. पुन्हा एकदा.

दार सरकतं. फुमिको-सानची काठी पायरीवर वाजते. नीलांबरी उठून बसते. किटली पार कोरडी होऊन आपोआप बंद झालीय. खिडकीबाहेर बर्फ पडतोय. तीन वाजून पाच मिनिटं झालीत. घसा कोरडा आहे, आणि अजून दोन्ही हात कशाचीतरी मान धरल्यासारखे छातीशी आहेत.

ती बाहेरच्या दुकानात येते. सगळ्या बाटल्या जागेवर आहेत. फुमिको-सान कोट काढता काढता तिच्या चेहऱ्याकडं बघतात. नीलांबरी स्टुलावर बसते, अर्ज ओढून घेते आणि सकाळपासून रिकाम्या असलेल्या चौकटीत लिहायला लागते. पहिला शब्द पटकन होतो. दुसऱ्याला ती वेळ घेते. तिसरा त्यामागून आपला येतो.

ती पेन ठेवते तेव्हा फुमिको-सान तिचा उजवा हात धरतात. अंगठ्यावर, नखाच्या मुळाशी, लाल काहीतरी घट्ट चिकटलंय. डाळीच्या दाण्याएवढं, वरून चकचकीत. कडेची कातडी गुलाबी झालीय. भाजलं कशानं, त्या विचारतात. मग स्वतःच नखानं काढायला बघतात. दुकानातल्या काही बाटल्यांची तोंडं मेणानं बंद केलेली असतात, ते मेण असं काढलं की सुटतं. हे सुटत नाही. त्या तिला खिडकीशी नेतात, चष्मा कपाळावर सारतात आणि बावीस वर्षं ज्या नाकानं हे दुकान चाललं ते नाक तिच्या अंगठ्याजवळ नेतात.

त्या श्वास बाहेर सोडतात. मग वास घेतात. बराच वेळ.

मेण नाही, म्हणतात. डिंकासारखं काही आहे, जळलेलं. आणि त्याच्या खाली एक फूल आहे. या फुलाचा वास आपण आयुष्यात घेतलेला नाही. थोडा धूर, थोडा गोड. त्या पुन्हा वाकतात, डोळे मिटतात.

"हे कुठलं?" त्या विचारतात.

जपानीत त्या फुलाला शब्द नाही. नीलांबरी मराठीतच सांगते.

"मोह."

"मोहो," फुमिको-सान म्हणतात, सावकाश, नवं नाव लक्षात ठेवताना म्हणतात तसं. तिचा अंगठा त्या सोडत नाहीत.